मोहोळहून रोज सोलापूर की जुळे सोलापुरातून नवी पेठ : पेट्रोलचा हिशेब

महिना 25 फेऱ्यांचा, पेट्रोल 105 रुपये लिटर धरू. मोहोळवाल्याचे येऊन-जाऊन 70 किलोमीटर, म्हणजे महिन्याला 1750. बाईकने 60 चं अॅव्हरेज दिलं तरी 29 लिटर, तीन हजारांवर. कार 18 ची असली तर दहा हजार, टोल वेगळाच.

जुळे सोलापूर हे शहराचंच उपनगर. तिथल्या माणसाचे नवी पेठेच्या बाजारात येऊन-जाऊन रोजचे 12 किलोमीटर. सिग्नल, गर्दी, इंजिन तापायच्या आत पोचणं, यात तीच बाईक 45 वर येते. तरी खर्च सातशेच. अॅव्हरेज शहरात घसरतं, खिसा मात्र गावाकडचा फाटतो. अंतरच तेवढं!

गावात गाडी ही चैन नाही. संध्याकाळची शेवटची एसटी हुकली की दुसरा इलाज नसतो. तरी दिवसपाळी असेल तर बाईक एसटी स्टँडपर्यंतच न्यावी. एसटीचा मासिक पास 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस चालतो. महिलांना 17 मार्च 2023 पासून तिकिटच अर्धं.

बाईकच न्यायची तर चेन बघा. कच्च्या रस्त्याची धूळ वंगणात बसून काळा चिखल होतो, चेन जड फिरते. रॉकेलने पुसून दर 500 किलोमीटरला ऑइल द्या. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. उन्हातून आलेल्या टायरचं माप जास्त दिसतं.