पिशवीबंद बायोचार: कॅडमियम-शिशाच्या मातीत कितपत उपयोगी?

रोपवाटिकेत मिळणाऱ्या पाच किलोच्या बायोचार (लाकूड, काडीकचरा कमी हवेत भाजून केलेला कोळसा) पिशव्यांवर ‘विषारी धातू शोषून घेतो’ असं छापलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. बायोचार धातू मातीबाहेर काढत नाही, मुळांच्या हाती सहज लागणार नाही असा जखडून ठेवतो. म्हणून वापरानंतर एकूण कॅडमियम मोजलं तर आकडा तोच येणार. फरक पाहायचा तर डीटीपीए द्रावणात (मुळांना मिळू शकणारा धातूच मातीतून ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं द्रावण) उतरणारं कॅडमियम तपासा, किंवा सरळ भाजीच प्रयोगशाळेत द्या.

खरी फसगत मात्रेत होते. ‘रोपाला मूठभर’ने काही होत नाही. एक चौरस मीटर वाफ्यात 15 सेंटीमीटर खोलीपर्यंत साधारण 200 किलो माती असते. दोन टक्के धरले तर 4 किलो बायोचार लागतो. एक पिशवी सव्वा चौरस मीटरला पुरते. एकराचा हिशोब 16 टनांवर जातो, म्हणजे हा माल परसबागेचाच.

खडे मोठे असतील तर कुटून 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. मोठ्या खड्याचा मातीशी संपर्कच कमी. आधी पाणी शिंपडा, काळी धूळ नाकात जाते. तेवढंच कुजलेलं शेणखत मिसळून दोन आठवडे ओलसर ठेवा. कोरडा, कोरा बायोचार थेट टाकला की तो नत्र धरून बसतो आणि पालकाची रोपं पिवळी पडतात. शहरी कंपोस्ट घेणार असाल तर किलोमागे कॅडमियम 5 आणि शिसं 100 मिलिग्रॅम ही खत नियंत्रण आदेशाची कमाल मर्यादा लक्षात ठेवा.

कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत फायदा जास्त, कारण बायोचारमधल्या राखेने सामू (पीएच) वर सरकतो आणि धातू आणखी जखडतो. सामू 6.5 ते 7 पुरे. देशावरच्या काळ्या जमिनीचा सामू आधीच 8 च्या आसपास. तिथे वर चुनाही टाकलात तर जस्त-लोह अडकतं, नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी होतात. आर्सेनिक असेल तर ही पिशवी नकोच: सामू आणि स्फुरद (फॉस्फरस) वाढलं की आर्सेनिक उलट सुटं होतं.

पानांवर बसलेल्या धुळीतल्या शिशावर बायोचारचा इलाज नाही. तिथे वाफ्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन आणि पानं तीनदा धुणं हेच. पालक कॅडमियम भरपूर उचलतो. शंका असलेल्या वाफ्यात भेंडी-दुधी लावा.

कच्चा माल आणि सामू छापलेला नसेल ती पिशवी घेऊ नका. रंगवलेल्या लाकडाचा कोळसा स्वतःच शिसं घेऊन येतो.