दशमान ठोकळ्यांचा संच: चांगला, पण दांडे कमी

बाजारात सर्रास मिळणारा संच १२१ नगांचा असतो: १०० सुटे (एककाचे छोटे घन), १० दांडे (प्रत्येकी दहाचे), १० पाट्या (प्रत्येकी शंभराच्या) आणि हजाराचा एक मोठा ठोकळा. सुट्याची बाजू १ सेंमी असते. पहिली तक्रार इथेच. दांडे दहाच. २३ × १४ ची मांडणी आयतात केली, तर २ पाट्या, ११ दांडे, १२ सुटे लागतात, म्हणजे एकाच मुलाला एक दांडा कमी पडतो. २० दांडे जास्तीचे घ्या. पाट्या मात्र क्वचितच संपतात.

रंग एकच असलेला संच निवडावा. चार रंगांचा दिसायला छान, पण मुलं ‘हिरवा म्हणजे दहा’ एवढंच लक्षात ठेवतात आणि दांडा दहा सुट्यांएवढा आहे, ही खरी गोष्ट बाजूला राहते. घेताना दहा दांडे एका पाटीवर शेजारीशेजारी ठेवून पाहा. कडा जुळल्या नाहीत, तर तो संच नको, कारण अदलाबदल पटण्यासाठी मापं जुळायलाच हवीत.

संचाची खरी किंमत वसूल होते ती हातच्याच्या वजाबाकीत. ५२ − २७ साठी फक्त ५ दांडे आणि २ सुटे मांडा. २७ वेगळे मांडायचे नाहीत, ते यातूनच उचलायचे आहेत. सात सुटे निघत नाहीत, म्हणून एक दांडा देऊन दहा सुटे घ्या: ४ दांडे, १२ सुटे. आता ७ सुटे आणि २ दांडे काढले की उरतात २५. प्रत्येक कृती झाली की लगेच ती वहीत लिहायची. सगळे ठोकळे हलवून झाल्यावर शेवटी लिहिलं, तर ठोकळ्यांचं उत्तर बरोबर येतं आणि वहीत ५२ − २७ = ३५ तसंच राहतं. (सातातून दोन वजा करण्याची खोड फार चिवट.) दांडा दिसत असूनही जो एक-एक खाच मोजत बसतो, त्याला अजून दशक उमगलेला नाही, त्याला वजाबाकीकडे नेऊ नका.

मोठा ठोकळा बहुधा पोकळ असतो. सहा बाजूंवर शंभर-शंभर चौकोन दिसतात, म्हणून काही मुलं त्याला सहाशे म्हणतात. दहा पाट्या एकावर एक रचून शेजारी ठेवल्या की वाद मिटतो.

पाचवी-सहावीत संच कपाटात टाकणं ही चूक. पाटीला १ माना. दांडा दशांश, सुटा शतांश होतो. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं म्हणणाऱ्यापुढे ३ दांडे ५ सुटे आणि ४ दांडे ठेवा. फक्त ‘आज एक कोण?’ हे आधी ठरवून फळ्यावर लिहा, नाहीतर पाटीला शंभर म्हणायची सवय आडवी येते. पुढे १३ × १४ चा आयत (१ पाटी, ७ दांडे, १२ सुटे) हाच, दहाच्या जागी क मानला की, (क + ३)(क + ४) = क² + ७क + १२ चा आराखडा होतो.

एक तृतीयांश यात नीट मांडता येत नाही, ऋण संख्या तर नाहीच. अपूर्णांकांसाठी कागदाच्या पट्ट्या, ऋण संख्यांसाठी दोन रंगांच्या चकत्या वेगळ्या ठेवाव्या लागतील.