मिनरल ऑइल की वनस्पती तेल?

‘पेट्रोलियमचं, म्हणजे कॅन्सर’ हा त्वचेला लावायच्या मिनरल ऑइलबद्दलचा, म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेल्या तेलाबद्दलचा, पहिला धसका. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) कर्करोगकारकांच्या गट 1 मध्ये टाकलंय ते कच्चं किंवा अर्धवट शुद्ध केलेलं तेल. अतिशुद्ध तेल गट 3 मध्ये, म्हणजे कर्करोगकारक ठरवण्याइतका पुरावा नसलेल्यांत आहे, आणि कॉस्मेटिकमध्ये वापरायचं ते हेच. लेबलवर ‘पॅराफिनम लिक्विडम’ म्हणजे तेच. खवट होत नाही, ॲलर्जी क्वचितच. अंघोळीनंतर ओलसर हातापायांवर पातळ थर पुरतो. कोरड्या त्वचेवर नुसता चिकटपणा, कारण ते पाणी देत नाही, असलेलं अडवतं. नाकात मात्र घालू नका, फुफ्फुसात उतरू शकतं.

वनस्पती तेलं सगळी सारखी नसतात. लिनोलेइक आम्ल (तेलातलं एक मेदाम्ल) भरपूर असलेलं सूर्यफुलाचं तेल त्वचेला मानवतं; ऑलिव्हमधलं ओलेइक आम्ल त्वचेचं कवच सैल करतं, एक्झिमात टाळाच. बाटलीला खवट वास आला, की फेका.