रॅलीच्या प्रवासासाठी कापडी सॅडल बॅग: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोटरसायकल रॅलीला, म्हणजे ठिकठिकाणचे मोटरसायकलस्वार एकत्र जमतात त्या मेळाव्याला, जायचे ठरले की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात; माझ्या मते आखणीची सुरुवात सामानापासून करावी. मुक्काम तंबूत करायचा की खोलीत, पाऊस आणि थंडीची तयारी किती ठेवायची, दिवसाला किती अंतर कापायचे, हे सारे शेवटी गाडीवर काय आणि कुठे बांधता येते यावर ठरते. म्हणूनच मी गाडीच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना लटकणारी, मिळून ५० लिटरची, तोंड गुंडाळून बंद होणारी कापडी सॅडल बॅगची जोडी घेतली आणि गेले काही महिने ती लांबच्या प्रवासांत भरपूर वापरली.

कडक पेट्यांना कुलूप असते आणि त्या दिसतातही देखण्या. पण त्या रुंद आणि वजनाने जड असतात, शिवाय गाडी आडवी झाल्यास पाय पेटीखाली सापडण्याचा धोका राहतो. रॅलीचे मैदान गवताचे किंवा चिखलाचे असते, तिथे अगदी कमी वेगातही गाडी कलंडते, त्यामुळे दबणारी बॅग मला अधिक सुरक्षित वाटते. कुलूप नसल्याची उणीव आतल्या सुट्या पिशवीने बरीचशी भरून निघते: बाहेरची बॅग गाडीवरच ठेवायची आणि आतली पिशवी उचलून थेट तंबूत न्यायची.

पावसाच्या बाबतीत ही बॅग पूर्ण विश्वासाची ठरली, मात्र एका अटीवर. तोंडाला किमान तीन घड्या बसल्याच पाहिजेत. बॅग गच्च भरली की तिसरी घडी बसत नाही आणि वेगात येणारे पाणी तिथूनच आत शिरते, म्हणून ५० लिटर हा आकडा पाहून सामान ठरवू नये. घड्यांसाठी जागा सोडल्यावर त्याहून बरेच कमी मावते. वरून चढवायच्या रेनकव्हरपेक्षा ही रचना कितीतरी चांगली आहे, कारण कव्हर वाऱ्याने फडफडते आणि त्याच्या तळाशी पाणी साचून राहते.

सामान भरण्याची पद्धत मात्र शांतपणे बसवावी लागते. हत्यारे, पंप, पंक्चरचे साहित्य आणि पाणी अशा जड वस्तू तळाशी आणि शक्य तितक्या पुढे ठेवल्या की गाडी वळणावर नीट वागते. तेच वजन मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे गेले, तर पुढचे चाक हलके होते आणि वेग वाढताच हँडल अस्थिर वाटू लागते. मागच्या सीटवर म्हणूनच फक्त स्लीपिंग बॅगसारखी हलकी वस्तू बांधावी. भरलेल्या गाडीसाठी पुस्तिकेत दिलेला हवेचा दाब टायर थंड असताना भरावा, मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवावा आणि चेनचा ढिलेपणा तपासावा. मागची बाजू बसली की हेडलाइटचा झोत वर उचलला जाऊन समोरच्याच्या डोळ्यांवर येतो, ही गोष्ट दिवसा लक्षातही येत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी सगळे सामान बांधून एक फेरी मारावी, असा माझा आग्रह आहे. उरलेल्या दिवसांत काय घरी ठेवायचे ते शांतपणे ठरवता येते.

तंबू घेतानाही बॅगची लांबी मोजून घ्यावी. तंबूच्या काठ्या घडी केल्यावरही अनेकदा बॅगपेक्षा लांब राहतात आणि मग त्या आडव्या बांधाव्या लागतात. बाहेरच्या खिशात मी साइड स्टँडखाली ठेवायची चपटी पट्टी ठेवतो, कारण मऊ जमिनीत स्टँड रुतला की भरलेली गाडी हळूहळू कलते.

ऋतू बदलला की हिशेबही बदलतो. १९३८ पासूनची अमेरिकेतील स्टर्जिस रॅली ऑगस्टच्या उन्हात भरते, तर १९५६ मध्ये सुरू झालेल्या जर्मनीतील एलेफांटेनट्रेफेनला लोक ऐन हिवाळ्यात बर्फात तंबू ठोकतात. उन्हाळी रॅलीला ही जोडी एका माणसाला पुरेशी आहे. कडाक्याच्या थंडीचे अंथरूण-पांघरूण आणि जाड कपडे मात्र तिच्यात मावणार नाहीत.

टिकाऊपणाबद्दल माझे मत संमिश्र आहे. कापड आणि शिवण उत्तम आहे. पट्टे मात्र पहिल्या तासाभरात थोडे सैल पडतात, म्हणून पहिल्या थांब्यावर ते पुन्हा ओढावेत आणि सुटी टोके खोचून टाकावीत, नाहीतर ती चेनमध्ये किंवा चाकात ओढली जाण्याची भीती असते. सायलेन्सरच्या बाजूला उष्णतारोधक पत्रा लावल्याशिवाय ही बॅग वापरू नये. तळ तापला की कापडाचा लेप वितळतो. बॅग आणि गाडीच्या पॅनेलमध्ये अडकलेली धूळ सँडपेपरसारखे काम करते, तिथे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म आधीच चिकटवावी. बाहेरच्या खिशाची झिप धुळीने कडक झाली आहे आणि बकल इतके लहान आहेत की जाड हातमोजे घालून ते उघडत नाहीत. भर पावसात ओले हातमोजे काढून पुन्हा चढवणे फार त्रासाचे होते, म्हणून रेनसूट मी आता बॅगमध्ये न ठेवता मागच्या सीटवरच्या गुंडाळीत, सर्वांत वर बांधतो.