'कोर्ट' आधी की 'द डिसायपल'?

धाकट्या मावसभावाने फोनवर विचारलं, "दादा, चैतन्य ताम्हाणेचा एकच सिनेमा बघायचा झाला तर कुठला?" मी 'कोर्ट' म्हणून मोकळा झालो आणि फोन ठेवल्यावर गोंधळलो. म्हणून गेल्या आठवड्यात या दिग्दर्शकाचे दोन्ही सिनेमे पुन्हा बघितले. 'कोर्ट' शनिवारी घरच्यांबरोबर, 'डिसायपल' रविवारी रात्री एकट्याने. हा फरक आधी ठरवून केला नव्हता, पण तोच योग्य निघाला.

'कोर्ट' (२०१४) तसा कुणालाही दाखवता येतो. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात जीव दिला. कुणी टेबल आपटत नाही, भाषणं ठोकत नाही. नुसत्या तारखा पडत राहतात. बिनबाह्यांचा टॉप घातला म्हणून एका बाईची सुनावणीच पुढे ढकलतात, तिथे आमच्याकडे हशा झाला. त्याच खोलीत कामगाराची बायको साक्षीला उभी राहते आणि शांतपणे सांगते, की उतरण्याआधी तो झुरळं दिसतात का बघायचा. झुरळं असली म्हणजे आत हवा आहे. मग कुणी हसलं नाही.

मला सगळ्यात आवडते ती सरकारी वकील. गीतांजली कुलकर्णी लोकलमध्ये शेजारणीशी साडी, ऑलिव्ह ऑइल, नवऱ्याची शुगर यावर बोलते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. बायको म्हणाली, "ही तर आपल्या सोसायटीतलीच." तिकडे बचावाचा वकील (विवेक गोम्बर, दोन्ही सिनेमांचा निर्मातापण तोच) सुपरमार्केटात चीज आणि वाईन घेत फिरतो. वाईट वागणारी बाई आपली वाटते आणि चांगला माणूस परका, ही गंमत दुसऱ्यांदा बघताना जास्त टोचली. मराठीबरोबर हिंदी, गुजराती, इंग्रजी असल्याने सबटायटल्स मात्र लागतील.

'द डिसायपल' (२०२०) बहुतेक मराठीतच आहे आणि तरी तो जास्त अवघड. शरद नेरुळकर शास्त्रीय गाणं शिकतोय, वर्षानुवर्षं शिकतोय, आणि गळा 'बरा' यापलीकडे जात नाही. एवढीच गोष्ट. शरद झालेला आदित्य मोदक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड दोघेही मुळात गायक, त्यामुळे मैफिलीत खोटेपणा कुठे सापडत नाही. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर शरद संथपणे मोटरसायकल चालवतो, कानात गुरुजींच्या गुरू माईंचं व्याख्यान. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. त्या आवाजातली करडी माया ऐकताना मला घाम फुटला. मध्यमा परीक्षेपर्यंत तबला शिकून मी सोडला. डग्गा अजून माळ्यावर आहे.

रिअॅलिटी शोमध्ये जाऊन चकचकीत होणाऱ्या मुलीचा धागा मात्र मला सोपा वाटला. इतक्या बारकाईने चाललेल्या सिनेमात तेवढंच बोट दाखवून सांगितल्यासारखं. 'कोर्ट'मध्ये अशी जागा मला सापडली नाही.

व्हेनिस चित्रपट महोत्सवात 'कोर्ट'ला ओरिझोन्ती या नव्या वाटेच्या सिनेमांच्या विभागाचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालं, 'डिसायपल'ला मुख्य स्पर्धेत पटकथेचं. त्यावरून ठरवू नका. चार जण जमणार असाल, नंतर चहावर वाद घालायचा असेल तर 'कोर्ट'. एकटे असाल, हेडफोन चांगला असेल आणि दोन तासांहून थोडा जास्त वेळ कुणी हाक मारणार नसेल तर 'डिसायपल'. मला विचाराल तर मोठा सिनेमा 'डिसायपल'च.

तरीही भावाला मी 'कोर्ट'च सांगितलाय. तो नोकरी सोडून दोन वर्षं नाटकाच्या मागे आहे. "मग दुसरा का नको?" त्याने विचारलं. म्हटलं, पुढच्या महिन्यात तुझा प्रयोग आहे ना, तो होऊ दे आधी.