‘पाणी पंचवीसचंच आहे, ताई’

घरी खाऱ्या पाण्याचा टँक असेल, किंवा सुरू करायच्या बेतात असाल, तर दुकानातून मासा उचलण्याआधी हे वाचा. नऊ दिवसांपूर्वी, रविवारी, मुंबईच्या उपनगरातल्या एका दुकानातून मी तीन मासे आणले. एक कोरल ब्युटी (जांभळ्या रंगाचा छोटा समुद्री मासा) आणि क्लाउनफिशची जोडी. ४८०० रुपये मोजले. त्यातले दोन गेले, आणि ते आजारी नव्हते.

मासे निवडताना मी घाई केली नव्हती. समोर खायला घालायला लावलं, तिघांनीही खाल्लं. अंगावर पांढरा ठिपका नव्हता, कल्ले शांत हलत होते. मग विचारलं, "दादा, सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, किती ठेवता?" तो म्हणाला, "पाणी पंचवीसचंच आहे, ताई. पिशवी पंधरा मिनिटं तरंगत ठेवा आणि द्या सोडून." पंचवीस म्हणजे १.०२५, गोड्या पाण्याच्या १.००० च्या मानाने खारं पाणी किती जड आहे त्याचा आकडा, साधारण समुद्राएवढा. माझा टँकही तेवढ्यावरच असतो. वहीच्या कागदावर त्याने ‘२४ तास लाइव्ह गॅरंटी’ असं लिहून दिलं. त्यावर दुकानाचं नाव नव्हतं, शिक्का नव्हता.

घरी दिवे बंद केले, पिशव्या तरंगत ठेवल्या, मग मासे पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घेऊन बारीक नळीला गाठ मारून तासभर टँकमधलं पाणी थेंब थेंब सोडलं, म्हणजे ड्रिप दिली. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचा मीटर, कपाटात होता. पिशवीतलं पाणी मात्र मी मोजलं नाही, त्याच्या शब्दावर राहिले. ही चूक माझी, आणि तीच तुमच्याकडून होऊ नये म्हणून लिहितेय.

रविवार, सोमवार सगळं ठीक. मंगळवारी सकाळी कोरल ब्युटी दगडाआड टेकून बसली, श्वास जोरात, अंगाचा जांभळा रंग राखेसारखा. रात्री गेली. बुधवारी पहाटे जोडीतला लहान क्लाउन तळाशी आडवा. टँकमधला अमोनिया (माशांच्या घाणीतून साठतो तो) शून्य, तापमान २६, जुने मासे मजेत.

त्याच दुपारी रिफ्रॅक्टोमीटर आणि तो तपासायचं ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग मीठ असलेलं) द्रावण पर्समध्ये टाकून दुकानात गेले. काउंटरवर आधी द्रावणाचा थेंब टाकून त्याला दाखवलं, रेघ बरोबर ३५ वर. मग ज्या टँकमधून माझे मासे काढले होते त्यात बोट बुडवून एक थेंब काचेवर सोडला, झाकण दाबलं आणि उजेडाकडे धरून पाहिलं. निळ्या-पांढऱ्याची सीमा १.०१५ वर होती. शेजारच्या टँकमध्येही तेवढीच. तो आधी म्हणाला मीटर खराब आहे, मग म्हणाला, "गॅरंटी चोवीस तासांची होती, ताई." पैसे परत नाहीत. बाहेर पडताना तिथल्या पोऱ्याने हळूच सांगितलं, "मीठ वाचतं, आणि माशांना किडे पण कमी लागतात."

दोन्ही खरं आहे. पूर्ण खाऱ्या पाण्याला लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ लागतं, १.०१५ ला जेमतेम २०. पाणी कमी खारट असलं की पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवीही थोडाफार दबून राहतो, त्यामुळे मासा दुकानात स्वच्छ दिसतो. औषध म्हणून सॅलिनिटी उतरवण्यात काही गैर नाही. पण विचारल्यावर खोटं सांगणं ही फसवणूकच.

समुद्री माशाच्या शरीरातलं पाणी समुद्राच्या मानाने तिपटीने कमी खारट असतं. म्हणून बाहेरचं पाणी त्याच्या अंगातलं पाणी सतत ओढून घेतं. मासा पाणी पीत राहतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. सौम्य पाण्यात राहिलेल्या माशाचं हे काम मंदावतं आणि पुन्हा जोर धरायला काही दिवस लागतात. खारटपणा उतरला तर तो बराच सोसतो, एकदम चढला तर पाण्यात असून आतून सुकत जातो. आणि हे एका रात्रीत दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं. २४ तासांची गॅरंटी तोवर संपलेली असते.

त्यामुळे तासाभराच्या ड्रिपवर भरवसा ठेवू नका. दोन-तीन अंकांचा फरक (१.०२५ ऐवजी १.०२२) असेल तर ठीक, दहाचा असेल तर दिवस द्यावे लागतात. मीटर सोबत न्या, पैसे द्यायच्या आधी दुकानाचं पाणी स्वतः मोजा, आकडा छापील बिलावर लिहून घ्या. दुकानदार टाळत असेल तर मासा कितीही सुंदर असो, निघून या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, त्यात तांब्याचं औषध असू शकतं आणि कोळंबी, कोरल त्याने मरतात. कुरिअरने आलेल्या माशांना मात्र लांबलचक ड्रिप देऊ नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, पिशवी उघडली की तो चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. त्यांच्यासाठी विक्रेत्याकडून आकडा आधीच घ्या आणि वेगळ्या टबात तेवढंच खारट पाणी तयार ठेवा.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पुरावा म्हणून यूपीआयची नोंद आणि तो वहीचा कागद, एवढंच माझ्याकडे आहे.

उरलेला क्लाउनही बुधवारी धापा टाकत होता. त्याच रात्री आरओच्या पाण्यात मीठ कालवून १.०१६ ची बादली केली, स्पंज फिल्टर लावला आणि त्याला त्यात हलवलं. गुरुवारपासून रोज एकच अंक चढवतेय. शनिवारी त्याने पहिल्यांदा खाल्लं. आज मंगळवार, पाणी १.०२२ वर आहे आणि मी झाकण उचललं की तो वर येतो.