बकीबॉलचं मॉडेल किट: ट्यूब एकाच रंगाच्या, बाकी मस्त

फुलरीन (कार्बन ॲटमचे बंद, पोकळ पिंजरे; बकीबॉल हा त्यातला ६० ॲटमचा फुटबॉलसारखा गोळा) शिकायचं किंवा शिकवायचं असेल तर हे किट बिनधास्त घ्या, माझ्याकडून चार स्टार, पाचवा का कापला ते खाली सांगते. मी अकरावी-बारावीची केमिस्ट्री शिकवते, तिथे ग्राफाइट-डायमंडच्या जोडीला फुलरीन येतं आणि पोरं "१२ पंचकोन, २० षटकोन" पाठ करून मोकळी होतात, १२च का हे कोणी विचारत नाही. हाताने जोडायला बसवलं की विचारतातच.

बॉक्समध्ये तीन टोकांचे ६० काळे ॲटम, ९० पांढऱ्या ट्यूब (म्हणजे बॉन्ड) आणि थोडे सुटे पार्ट येतात. ॲटमची तिन्ही टोकं सपाट, १२० अंशांवर, त्यामुळे नुसते षटकोन जोडत गेलं तर ग्राफाइटसारखा पत्राच टेबलावर पसरत जातो, कितीही जोडा बंद म्हणून होत नाही, आणि मध्ये एक पंचकोन घातला की लगेच कडा उचलल्या जाऊन वाटी व्हायला लागते. ट्यूब लवचिक आहेत म्हणून हे जमतं. १९८५ला ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीत क्रोटो, कर्ल आणि स्मॉलीला ६० कार्बनचा सिग्नल मिळाला तेव्हा स्मॉलीने रात्री घरी बसून कागदाचे षटकोन कापून चिकटवले होते, तेही असेच बंद होईनात, पंचकोन घातल्यावर गोळा झाला. १९९६चं नोबेल तिघांना त्यावरच मिळालं.

आता १२चं गणित. प्रत्येक ॲटमपाशी एक पंचकोन आणि दोन षटकोन भेटतात, १०८ + १२० + १२० म्हणजे ३४८, पूर्ण ३६०ला १२ अंश कमी. असे ६० ॲटम, एकूण तूट ७२०. बंद गोळ्याला ही तूट ७२०च लागते, षटकोन त्यात काहीच भर घालत नाही, एक पंचकोन पाच कोपऱ्यांचे १२-१२ मिळून ६० अंश देतो, म्हणून १२. सी-७०मध्येही (७० कार्बनचा पिंजरा) १२, सी-८४मध्येही १२, वाढतात ते फक्त षटकोन. हे फळ्यावर सांगून डोक्यात जात नाही, वाटी हातात धरून जातं.

इन्स्ट्रक्शनचा कागद मात्र अगदीच बिनकामाचा, तयार गोळ्याचा एक फोटो आणि संपलं. एवढं एकच वाक्य छापलं असतं तरी चाललं असतं की पंचकोनाच्या पाचही बाजूंना षटकोनच हवा, दोन पंचकोन चिकटू द्यायचे नाहीत. कारण ६० ॲटमचे पंचकोन-षटकोनवाले पिंजरे १८१२ प्रकारे बनू शकतात, आणि त्यात सगळे पंचकोन सुटे असलेला फक्त हा एक.

मला सगळ्यात आवडतं ते गोळा तयार झाल्यावर फिरवून बघणं. समोरासमोरच्या दोन पंचकोनांच्या मधोमध बोटं धरून ७२ अंश फिरवा, जसाच्या तसा दिसतो. असे ६ अक्ष. षटकोनातून धरलं तर ६० अंशांनी जमेल असं वाटतं पण नाही जमत, १२०च लागतात, कारण षटकोनाच्या शेजारी आलटून पालटून पंचकोन, षटकोन, पंचकोन असे बसलेत. हे १० अक्ष. आणि दोन षटकोनांमधल्या बॉन्डच्या मध्यातून धरून अर्धा फेरा, ते १५. एकूण ६० प्रकारे फिरवता येतो (न फिरवणं धरून), आरशातल्या प्रतिमा धरल्या की १२०. त्यामुळे ६०पैकी कुठलाही ॲटम दुसऱ्यापेक्षा वेगळा नाही, १९९०मध्ये इंग्लंडच्या ससेक्स युनिव्हर्सिटीत क्रोटोच्या टीमला कार्बन एनएमआरमध्ये (या तपासणीत प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या ॲटमची वेगळी रेघ येते) एकच रेघ मिळाली ती याचमुळे.

आणि इथेच तो पाचवा स्टार गेला. दोन षटकोनांमधले ३० बॉन्ड आखूड असतात, साधारण ०.१४ नॅनोमीटर, डबल बॉन्ड तिथेच दाखवतात, आणि पंचकोनाच्या कडेचे ६० जरा लांब, ०.१४५च्या आसपास. किटमध्ये सगळ्या ट्यूब एकाच रंगाच्या, एकाच लांबीच्या! तीस लाल दिल्या असत्या तर षटकोनाच्या कडा लाल-पांढऱ्या-लाल अशा दिसल्या असत्या आणि १२० अंशवाली गोष्ट पोरांना न सांगता कळली असती. मी परमनंट मार्करने रंगवल्या, दोन दिवस हाताला लागत होता पण आता पक्का बसलाय. दोन-तीन ट्यूबची टोकं फाटकी आली होती, सुट्यात भागलं.

जमलं तर दोन पॅक घ्या, सी-७० करता येतो. गोळ्याच्या पोटावरचे १० बॉन्ड काढून दोन वाट्या करा, एक वाटी ३६ अंश फिरवा, मध्ये १० ॲटमचा पट्टा बसवा, ट्यूब १०५ लागतात. तयार झालं की पोरांना किती प्रकारचे ॲटम आहेत ते मोजायला सांगा, उत्तर पाच येतं, आणि ससेक्सला रेघाही पाचच आल्या होत्या.